वीतभर धान

आमच्या भागात कुणाच्या घरी बरं चाललंय की नाही, हे तोंडाने विचारत नाहीत. पाहुणा येतो, पाणी पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि उठता उठता ढोलीवर बोटं वाजवून बघतो. ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांची, शेणामातीने लिंपलेली, छातीएवढी उंच कणगी. घराचं वर्षाचं धान तिच्यात असतं. भरलेली असली की ठप्प वाजते, रिकामी असली की घुमते. वरून खाली वाजवत गेलं की धान कुठवर आहे ते कळतं. सोयरीक जुळवायला आलेली माणसं तर हे हमखास करतात. माझ्या वेळी सासऱ्यांनी पार बुडापर्यंत वाजवून पाहिलं होतं. मला राग आला होता. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि हा माणूस मला सोडून ढोलीला प्रश्न विचारत होता.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम सांगते. आजोबा अंगठा लावायचे, बाप सही करायचा पण वाचायचा नाही. आईला बसची पाटी वाचता येत नाही; ती बसचा रंग आणि ड्रायव्हरचं तोंड बघून चढते. करडीकडच्या आमच्या गावातून मी एसटीने भंडाऱ्याला कॉलेजात गेले, परीक्षा देऊन सरकारी कार्यालयात लिपिक झाले, आणि हे सगळं मी दुसऱ्याच्या शेतात रोवणीला, म्हणजे धान लावायला, जाणाऱ्या बाईच्या जिवावर केलं. बाप मी कॉलेजात असतानाच गेला. मला भाऊ नाही, बहीण नाही. दोन एकर धानाची जमीन आणि आई, एवढंच माझं माहेर.

आईचं घर वर्षभर दार लावून बसू शकेल असं होतं. अतिशयोक्ती नाही. चुलीमागच्या मडक्यांत वाळलेली मोहफुलं, सुकवलेल्या बारीक मासोळ्या, उन्हात वाळवलेली वांग्याची कापं, आंबाडी. मीठ मोठ्या बरणीत, तीवर फडकं. माचिसच्या पेट्या तांदळाच्या डब्यात खुपसलेल्या, म्हणजे पावसाळ्यात सर्दावत नाहीत. कोपऱ्यात एक रांजण लाखोळीचा, म्हणजे लाखेच्या डाळीचा. आणि ढोलीत धान, कायम धान, तांदूळ नाही. तांदूळ लागेल तेवढाच काढायचा.

"धान जितं असते," ती म्हणायची. "तांदूळ मेलेला. मेलेल्याले कीड लागते."

मी हे ऐकत मोठी झाले आणि मला वाटायचं, बिचारीला दुकान माहीत नाही.

टाळेबंदी लागली तेव्हा भंडाऱ्यात पहिल्या चार दिवसांत काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. दुकानांपुढे खडूचे गोल, आत शेल्फं रिकामी. माझ्या मोबाईलवर दर तासाला कुणीतरी काहीतरी पाठवत होतं: सहा महिने काही मिळणार नाही, गाड्या अडवल्यात, मंडी बंद. मी शिकलेली बाई, रोज पेपर वाचणारी. माझीच झोप सगळ्यात आधी उडाली. नवऱ्याच्या ओळखीची भाजीची गाडी होती, तिला जाण्यायेण्याचा पास होता. तिसऱ्याच दिवशी सकाळी मी तोंडाला रुमाल बांधून त्या गाडीत बसून गावाला गेले.

गावाच्या वेशीवर पोरांनी बैलगाडीचं जू आडवं टाकलेलं होतं. गावचीच लेक म्हणून मला सोडलं, पण दुपारच्या आत निघायचं या अटीवर. आई अंगणात उभी होती. मी लांबूनच सांगितलं, धान न्यायला आले. तिने "कायले?" असं विचारलं नाही. ढोलीचं तोंड फोडलं, मडक्याने उपसायला लागली. दहा कट्टे, म्हणजे दहा पोती होती. आठ काढले. मी विचारलं नाही असं नाही. मी विचारलं, तुला काय राहील? ती म्हणाली, एक कट्टा बियाण्याचा, एक खायचा, मी एकटी किती खाणार, आणि दिवाळीला नवं येतंच आहे.

मग तिने एकच गोष्ट सांगितली, धान तसंच ने, लागेल तसं कांडून घे. मी हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात उखळ कुठे मांडू? गावातली गिरणी अर्धा दिवस चालू होती. मी आठही कट्टे तिथे भरडून तांदूळ करून घेतला आणि गाडीत घातला. कोंड्याची पोती गिरणीवाल्याने आईच्या अंगणात आणून टाकली, चुलीत जाळायला. निघताना तिने तांदळाच्या पोत्यांत कडुनिंबाचा पाला खुपसला. मी गाडीत बसल्यावर मला फार निर्धास्त वाटलं. शहरातली बाकीची माणसं पाच-पाच किलोसाठी रांगेत होती आणि माझ्याकडे घरचा तांदूळ होता.

तो मी वाटलाही. ऑफिसातल्या दोघींना, शेजारच्यांना. "घरचा आहे" म्हणून. ते म्हणताना मला जे वाटायचं ते मला अजून आठवतं, आणि आठवलं की मान खाली जाते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे आई-बाप लेकीच्या घरचं खात नाहीत. नातवंड झालं की बरेच जण सैल होतात. माझी आई झाली नाही. माझी मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत ती माझ्याकडे चार-पाच वेळा आली असेल, दर वेळी पदराला बांधलेली शिदोरी घेऊन. माझ्या घरी फक्त पाणी प्यायची, त्यावरही बोलायची, "पानी पेऊन राहिली ना, आता आन काय पायजे." मी तिला कितीदा सांगितलं की हे जुनाट आहे, मी कमावती आहे, मुलगा असता तर खाल्लंच असतं ना. या विषयावर मला तावातावाने बोलता यायचं. पण लेकीने माहेराहून न्यावं, हे मला कधी जुनाट वाटलं नाही.

रेशनचंही तसंच. नोकरी लागल्यावर मी आईचं वेगळं कार्ड बंद करून तिचं नाव माझ्या कार्डावर चढवलं. माझं कार्ड पांढरं. पांढऱ्यावर धान्य मिळत नाही. आमच्या खानदानात पांढरं कार्ड पहिल्यांदा माझं झालं होतं आणि मला ते भिंतीवर लावावंसं वाटलं होतं. टाळेबंदीत गावात सगळ्यांना फुकट तांदूळ मिळाला. आईला मिळाला नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी त्या अर्जावर स्वतः सही केली होती. मला वाटलं, तिला लागतं कुठे.

त्या पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला. आमचं शेत नदीच्या अंगाला आहे, चार दिवस पाण्याखाली राहिलं. पाणी उतरल्यावर राहिलं तेवढ्यावर तुडतुडा पडला आणि उभं धान जळाल्यासारखं झालं. आईने फोनवर सांगितलं ते असं, की यंदा जरा कमी होईल. मी विचारायचे, खाऊन राहिली ना नीट? ती म्हणायची, हो, भात-भाजी. रोज तेच. भात-भाजी.

इकडे माझ्या तांदळाला श्रावणातच सोंडे लागले. पोतं उघडलं की काळे ठिपके चालताना दिसायचे. मी तो गच्चीवर वाळवला, पाखडला, पुन्हा भरला, पुन्हा लागले. शेवटी दोन पोती तर पीठच झाली होती. ती खालच्या घरातल्या बाईच्या कोंबड्यांना घातली. आईला हे सांगितलं नाही. ती "मी म्हनलं होतं" असं म्हणाली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

दिवाळीला गावी गेलो. आईने भात केला, वडी केली, मुलीला पुढ्यात बसवून भरवलं. ती वाळलेली दिसली, पण पूर आलेल्या सालात कोण वाळलं नव्हतं? चालताना पाय जरा ओढत होती. म्हणाली, थंडीने पिंढऱ्या धरल्यात. मी जाता जाता ढोलीवर बोटं वाजवली. वर ठप्प, मध्ये ठप्प, खाली ठप्प. मी समाधानाने निघाले. सासऱ्यांसारखीच.

संक्रांतीच्या थोडं आधी शेजारच्या मावशीचा फोन आला. ही ढिवरांची बाई, तलावातली मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव विकते. आईची आणि तिची चाळीस वर्षांची मैत्री आणि तेवढीच भांडणं. मी ऑफिसात होते. ती म्हणाली, तुझी आई बोअरिंगपाशी पडली, तिसऱ्यांदा. मी म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणजे? तेव्हा तिने मला जे ऐकवलं ते मी शब्दाशब्दाने लिहिते, कारण तेवढं तिचं देणं मी लागते.

"बाई, तू ढोली वाजवून गेली दिवाळीले. कधी मडक्यात हात घालून पायलं का? तुह्या पोरीले जो भात वाढला, थो माह्या घरून नेलता तिनं."

मी त्याच दुपारी पोहोचले. आई खाटेवर बसलेली, गुडघे एकमेकांना चिकटवून. मला बघून उठायला गेली, आणि तेव्हा मी तिला चालताना नीट बघितलं. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. चवड्यांवर, एक पाय दुसऱ्यापुढे कातरीसारखा टाकत, भिंत धरून. मी तिला बसवलं आणि चुलीकडे गेले. म्हटलं भात टाकते. तांदळाच्या डब्यात माचिसच्या पेट्या होत्या, तांदूळ नव्हता. मी ढोलीकडे वळले.

"ढोली नोको उघडू," ती खाटेवरून म्हणाली. "धानाले हवा लागन."

मी शेणामातीचं तोंड फोडलं. वर वीतभर धान होतं. त्याखाली गोणपाट. गोणपाटाखाली कोंडा, बुडापर्यंत, दाबून दाबून भरलेला. माझ्या आठ कट्ट्यांचा कोंडा.

कोपऱ्यातला लाखोळीचा रांजण निम्म्याहून खाली गेला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: लाखोळी आमच्याकडे सगळेच खातात. भाताबरोबर डाळ म्हणून, कोवळी असताना भाजी म्हणून, वडे करून. त्याने काही होत नाही. पण नुसती लाखोळीच खाऊ नये, तिने पाय जातात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. खायचीच वेळ आली तर खूप पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, हेही माहीत आहे. आईला तर माहीत होतंच. पोळा झाल्यापासून ती लाखोळीचीच भाकर आणि लाखोळीचंच वरण खात होती. सुरुवातीला पाणी फेकायची. मग सरपण ओलं, पाय चालेनात, बोअरिंगहून एकच घागर आणवायची. पाणी फेकणं बंद झालं.

मी तिच्यावर ओरडले. सगळ्यात आधी ओरडलेच, हे खरं आहे. फोन होता, मी होते, तीस किलोमीटरवर होते. काहून नाही सांगितलं?

मावशी दारात टोपली टेकवून बसली होती, तिच्याकडे बघत आई म्हणाली, "सांगतलं असतं तं तू तांदूळ आनला असता. लेकीच्या घरचं मी कशी खाऊ?"

"आन कोंडा?" मी विचारलं. "कोंडा कायले भरला?"

"गावातले लोक येऊन वाजवते. रिकामी वाजली असती तं म्हनले असते, पोरगी सारं घेऊन गेली." आणि वर, "नोकरीवाली पोरगी."

मावशी म्हणाली, "बुढीले पायापेक्षा पोरीचं नाव मोठं." आणि उठून गेली. थोड्या वेळाने तिच्या घरून भात आणि झिंग्याचा रस्सा आला. तो आईने खाल्ला. शेजारणीचं चालतं.

भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला. चालायला लावलं. काय खाता विचारलं. आई म्हणाली, वरण-भात. मी सगळं सांगितलं. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरातली गोष्ट चौकात मांडली होती. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून नक्की सांगता येत नाही, इतरही कारणं असू शकतात, तपासण्या करू. तपासण्यांत दुसरं काही निघालं नाही. लाखोळी बंद करा म्हणाले. पाय परत येतील का, हे मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी कागद खाली ठेवून सांगितलं की गेलेलं बहुतेक येत नाही. आणखी जाणार नाही एवढं बघा.

चार दिवस ती माझ्या घरी होती. मी तिच्यापुढे ताट ठेवायचे, ती ते माझ्या मुलीकडे सरकवायची. मावशीने बांधून दिलेल्या मुरमुऱ्यांवर आणि चण्यांवर तिने ते चार दिवस काढले. मी रडले, भांडले, नवऱ्याने हात जोडले. ती म्हणाली, आता या वयात धरम नको बुडवू. पाचव्या दिवशी मी तिला परत नेलं, कारण मला भीती वाटली की ती माझ्या घरात उपाशी मरेल, भरल्या स्वयंपाकघरात.

मग मी एकच काम धरलं. तिचं नाव माझ्या कार्डावरून काढून तिचं वेगळं कार्ड करायचं. मी स्वतः सरकारी कार्यालयात टेबलामागे बसणारी. दुसऱ्या कार्यालयाच्या टेबलासमोर सुट्या टाकून टाकून उभी राहिले. हा दाखला आणा, तो दाखला आणा. एक दिवस एका बाबूने विचारलं, मॅडम, नोकरीवाल्या पोरीची आई आणि रेशनचा तांदूळ? मी म्हटलं, हो. उन्हाळा संपता संपता कार्ड मिळालं. सरकारचा तांदूळ आई खाते. सरकार तिची लेक नाही.

त्या पावसाळ्यात शेत मी केलं. म्हणजे शनिवार-रविवार येऊन केलं; रोवणीला बाया लावल्या, आणि मीही उतरले. बायांनी माझी टिंगल केली, "बाबूबाई चिखलात आली वं", आणि माझी ओळ वाकडी गेली की हसल्या. पीक मध्यम आलं. आईला मी बांधावर आणून बसवायचे, काठीसकट. ती तिथून सांगायची, इकडे पाणी काढ, तिकडे उंदरं पडली.

दिवाळीच्या आधी धान पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, लाखोळी फोकाची वेळ झाली. आमच्याकडे धान कापायच्या आधी, जमिनीत ओल असताना, उभ्या धानात लाखोळी फोकतात, म्हणजे मुठीने विखरून टाकतात. नांगर लागत नाही, पाणी लागत नाही. तिने बियाणं काढून ठेवलं होतं, त्याच रांजणातलं. सुपात घेऊन बसली होती.

मी सूप तिच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, हे आता या घरात येणार नाही. जमीन पडीक राहिली तरी चालेल. चणा टाकू, जवस टाकू, काहीही. हे नाही. आणि मी ते बियाणं तलावात टाकायला निघाले होते, खरंच.

ती ओरडली नाही. खाटेच्या कडेला बसून तिने दोन्ही हातांनी आपले गुडघे एकमेकांपासून दूर केले, ते पुन्हा जवळ आले.

"लाखोळीनं पाय नाही नेले माहे," ती म्हणाली. "पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत तिनंच मले जगवलं. कोनी नव्हतं तवा थेच होती घरात. तिच्यावर कायले राग काढतं? ज्याच्यावर काढाचा त्याच्यावर काढ."

मी विचारलं, कोणावर. ती माझ्याकडे बघत राहिली. नाव घेतलं नाही. आजवर घेतलेलं नाही.

मी सूप घेऊन अंगणात उभी होते. बी.ए.ला मी अर्थशास्त्र घेतलं होतं. दुष्काळावर एक पूर्ण प्रश्न लिहिला होता, त्यात मला चांगले गुण पडले होते. मग मी साडी खोचली, तिला उठवलं, काठी हातात दिली. अर्धा किलोमीटर चालायला आम्हाला पाऊण तास लागला. बांधावर तिला बसवून मी उभ्या धानात शिरले आणि मूठ भरून फोकायला लागले. पानं अंगाला कापत होती. मागून तिचा आवाज येत होता, दाट पडून राहिली वं, हात मोकळा सोड. मी हात मोकळा सोडला. बांधाच्या त्या टोकापर्यंत गेले, वळले, आणि दुसरी पट्टी धरली.